कागदावर गेलेली पाळी : एक प्रकरण अभ्यास

तिने फाइल टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मॅडम, माझी पाळी गेलीय. पण अंगावरून जायचं थांबत नाहीये."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग तिने रिपोर्टवर वाचला होता आणि दुसरा ती सोसत होती, त्यामुळे त्यात काही विसंगत आहे असं तिला वाटत नव्हतं. फाइलमध्ये सगळ्यात वर रक्ततपासणीचा कागद होता. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, ४६. आकड्याभोवती पेनाने गोल आणि शेजारी एकच शब्द, 'मेनोपॉज'.

(हे प्रकरण एका बाईचं म्हणून सांगते आहे, पण दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चित्रावरून ते रचलेलं आहे. त्यात ओळखीची कुणी शोधू नये.)

वय ४७. पेशाने हिशेबतपासनीस. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. वजन उंचीच्या मानाने जास्त, बीएमआय ३१. सिगारेट नाही, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झालेली नाही, घरात स्तनाचा कॅन्सर नाही. आईचं खुब्याचं हाड ६८व्या वर्षी घरातल्या घरात पडून मोडलं होतं. ही शेवटची गोष्ट मी विचारली म्हणून कळली. तिच्या मते तिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

दुखणं सुरू झालं ते धडधडीपासून. रात्री दोन-अडीचला जाग यायची, छातीत ठोके जाणवायचे, छातीकडून मानेकडे, चेहऱ्याकडे गरम वाफ चढायची, मग दरदरून घाम आणि घाम सुकता सुकता थंडी. ती आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेली. ईसीजी, इको, चोवीस तासांचं होल्टर, सगळं नॉर्मल. या तपासण्या करणं चूक नव्हतं. या वयात धडधड हृदयाची नाही ना, हे बघायलाच हवं. घोळ पुढे झाला. हृदय ठीक आहे म्हटल्यावर 'मग हे वयाचं' असं ठरलं. पाळी लांबली होती, म्हणून एफएसएच केलं, ते वाढलेलं निघालं आणि शिक्का बसला. झोपेची गोळी, कॅल्शियम आणि 'या वयात होतं असं'.

तीन आठवड्यांनी ब्लीडिंग सुरू झालं आणि १९ दिवस चाललं. मोठ्या गुठळ्या पडत होत्या. तरी ती कुणाकडे गेली नाही.

"का नाही गेलात?"

"जाता जाता असं होतंच म्हणाले ना सगळे."

शेवटी गेली तेव्हा तिला दुसऱ्या टोकाचा सल्ला मिळाला. 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' तिथून ती माझ्याकडे आली होती.

ती हिशेबाचं काम करते याचा मला फार उपयोग झाला. पर्समधून तिने एक लहान डायरी काढली. पाळीच्या तारखांमधलं अंतर एका रकान्यात: २४, ३१, २२, ४१, १९, ६७. पुढच्या रकान्यात दिवस, त्यापुढे रोजची पॅडं. शेवटच्या पानांवर रात्रींच्या नोंदी होत्या. 'दोन दहा, घाम. तीन चाळीस, घाम, गाऊन बदलला. पाच पाच, उठलेच.' अशी सलग अकरा पानं. इतक्या तपासण्यांच्या कागदांत सगळ्यात जास्त माहिती या डायरीत होती, आणि ती आजवर कुणी मागितली नव्हती.

आधी तो गोल केलेला आकडा बघू.

पाळी गेली हे निदान मागे वळूनच करता येतं. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरं कारण नसलं, तर शेवटची आली होती ती शेवटचीच होती असं म्हणायचं. ज्या दिवशी ती येते त्या दिवशी ती शेवटची आहे हे कुणालाच कळत नाही, बाईलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. 'मेनोपॉज' हा शब्द १८२१ मध्ये शार्ल द गार्दान या फ्रेंच डॉक्टरने रूढ केला. त्यातल्या 'पॉज'चा मूळ ग्रीक अर्थ थांबणं, कायमचं. मधली विश्रांती नव्हे. हिची पाळी थांबली नव्हती, वेळापत्रक मोडलं होतं.

हे वेळापत्रक का मोडतं ते मी तिला कागदावर काढून दाखवलं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत पाळीच्या चक्रात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची लाखो वापरलीच जात नाहीत, जागच्या जागी विरून जातात. पाळी जाते तेव्हा हजारभर उरलेली असतात, पण ती दाद देत नाहीत.

तिने कागदाकडे बघून मान हलवली. "म्हणजे हा खर्च नाही, घसारा आहे."

इतक्या वर्षांत मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. यंत्र वापरा की नुसतं ठेवा, घसारा चालूच राहतो. सिगारेट ओढणाऱ्या बाईचा घसारा थोडा लवकर संपतो, पाळी सरासरी वर्ष-दोन वर्षं आधी जाते. बीजं संपल्यावरही दशकानुदशकं जगणं ही प्राणिसृष्टीत दुर्मीळ गोष्ट आहे. आपण, ऑर्कासारखे काही दात असलेले देवमासे आणि आणखी फार थोडे.

दर महिन्याला बीजांचा एक गट वाढीला लागतो. त्यांच्याभोवतीच्या पेशी 'इन्हिबिन बी' नावाचं द्रव्य सोडतात आणि ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पुरे, आता आवर. बीजं कमी झाली की हा निरोप क्षीण होतो. पिट्युटरी एफएसएच वाढवते, म्हणजे उरलेल्या बीजांना चाबूक मारते. एखाद्या महिन्यात एकही बीज दाद देत नाही. वाढत्या बीजांमुळे मिळणारं इस्ट्रोजेन हार्मोन खाली आणि एफएसएच वर, पाळी लांबते. त्या दिवशी रक्त काढलं तर ४६ येतं. दुसऱ्या महिन्यात त्याच चाबकाने दोन-तीन बीजं एकदम उठतात आणि इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर जातं. त्या दिवशी एफएसएच पुन्हा खाली.

हिच्या बाबतीत हे अपघाताने सिद्धच झालं. मी फक्त थायरॉइड मागितलं होतं. लॅबने पॅकेजमध्ये एफएसएचही करून टाकलं. सहा आठवड्यांपूर्वी ४६ होतं, आता ९. दोन्ही आकडे खरे होते. पंचेचाळिशीच्या पुढे लक्षणं जुळत असतील तर ही तपासणी करून सहसा काही हाती लागत नाही, गोंधळ मात्र वाढतो. चाळिशीच्या आतली बाई असेल तर गोष्ट निराळी. तिथे अंडाशय अकाली थकलंय का हे बघायला ती करावीच लागते, वाढलेली येऊनही शंका उरली तर पुन्हा करून खात्री करावी लागते.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'या वयात हार्मोन कमी होतात' हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्याने हिच्यासारख्या बायका अडकतात. पहिल्यांदा इस्ट्रोजेन कमी होत नाही, ते हेलकावे खातं. पहिल्यांदा जातं ते प्रोजेस्टेरॉन. कारण ते बीज बाहेर पडल्यावरच बनतं, मागे उरलेल्या पिवळ्या गाठीतून. बीज बाहेर पडलंच नाही तर त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉनही नाही. आणि गर्भाशयाच्या अस्तराचा सगळा संसार या दोघांच्या मेळावर चालतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला स्थिर करतं आणि वेळ आली की एकदम गळू देतं. एकटं इस्ट्रोजेन असलं की अस्तर वाढत राहतं, मग कुठेतरी तुटतं, कुठेतरी टिकतं. ६७ दिवस काही नाही आणि मग १९ दिवस, हे त्याचंच रूप.

औषधशास्त्राने हा धडा महागात घेतला आहे. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन १९४२ पासून अमेरिकेत गोळीच्या रूपात मिळू लागलं आणि पुढे कित्येक वर्षं बायकांना ते एकटंच दिलं गेलं. १९७५ मध्ये अहवाल आले की अशा बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढला आहे. तेव्हापासून नियम झाला की गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेन देताना जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध हवंच. हिच्या शरीरात तोच प्रयोग गोळीशिवाय चालू होता. त्यात वजनाची भर. चरबीच्या पेशी स्वतः थोडं इस्ट्रोजेन तयार करतात आणि त्यांना सुट्टी नसते.

म्हणून माझ्या मते त्या दिवशीचा खरा प्रश्न 'पाळी गेली का' हा नव्हताच. अस्तराचं काय झालंय, हा होता.

तपासणीत तळहात पांढुरके, नाडी १०४, रक्तदाब १३८/८६, गर्भाशय किंचित मोठं. पहिली तपासणी मी लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्ट सांगितली. ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. पाळी अनियमित झाली म्हणजे बीज बाहेर पडतच नाही असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. टेस्ट निगेटिव्ह आली.

हिमोग्लोबिन ८.४. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६. जवळजवळ तळ. थायरॉइड नॉर्मल. ते बघणं आवश्यक होतं, कारण थकवा, धडधड, केस गळणं, झोप उडणं, पाळी बिघडणं या सगळ्या तक्रारी थायरॉइडही हुबेहूब करून दाखवतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी, ६.१, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत अस्तराची जाडी १४ मिलिमीटर आणि गर्भाशयाच्या भिंतीत दोन सेंटिमीटरची एक फायब्रॉइडची गाठ. अस्तरापासून दूर असलेल्या एवढ्या गाठीला मी दोष दिला नाही. 'गाठ आहे' म्हटलं की सगळं तिच्यावर ढकलून मोकळं होता येतं, आणि गर्भाशयं निघतात ती बरीचशी अशीच.

अस्तराचा तुकडा काढून तपासायचं म्हटल्यावर ती घाबरली. "कॅन्सर वाटतोय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "वाटत नाही. पण वाटण्यावर सोडायची ही गोष्ट नाही." पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला असं वेडंवाकडं ब्लीडिंग असेल तर अस्तर तपासायचंच, हे मी डोळे झाकून पाळते. बारीक नळीने दवाखान्यातच होणारं काम, दोन-तीन मिनिटं जोराची कळ येते, भूल लागत नाही. रिपोर्ट आठवड्याने आला. अस्तराची बेसुमार वाढ, हायपरप्लेझिया, पण पेशींचं रूप बिघडलेलं नाही.

ते शेवटचे शब्द फार महत्त्वाचे. पेशी बिघडलेल्या नसतील तर पुढच्या वीस वर्षांत याचा कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, आणि बहुतेक वेळा औषधाने अस्तर मूळपदावर येतं. पेशी बिघडलेल्या असत्या तर पिशवी काढायचा सल्ला मीच दिला असता, कारण तशा रिपोर्टमागे कधी कधी कॅन्सर आधीपासूनच दडलेला सापडतो. तुकडा न तपासता पिशवी काढायची किंवा तुकडा न तपासता वाट बघायची, या दोन्ही सल्ल्यांत नेमकी ही माहिती गैरहजर होती.

उपचार सरळ होते. ब्लीडिंग आवरायला काही दिवस ट्रॅनेक्सामिक ॲसिड, शिरेतून लोह, आणि गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध रोज थोडं थोडं सोडणारं साधन. बायका त्याला 'हार्मोनची कॉपर-टी' म्हणतात. शरीराने जे हार्मोन देणं बंद केलं होतं तेच हव्या त्या जागी पोचवायचं, इतकीच कल्पना. पहिले काही महिने थोडं थोडं डागासारखं जात राहील हे मी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या महिन्यात तिचा फोन आलाच. "बिघडलं का हो ते?" बिघडलं नव्हतं.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.९ झालं. जिना चढताना लागणारी धाप गेली, केस गळायचे कमी झाले. दिवसाची धडधड थांबली. रात्रीची मात्र होती तशीच.

म्हणजे धडधड एक नव्हती, दोन होत्या. एक रक्त कमी असल्याची आणि दुसरी वाफांची. दोन्ही एकाच शब्दाने सांगितल्या गेल्या, म्हणून त्या एकच समजल्या गेल्या. मीही पहिल्या दिवशी त्या वेगळ्या काढल्या नव्हत्या. डायरीत मात्र त्या वेगळ्या होत्या. रात्रीच्या प्रत्येक नोंदीत घाम होता, दिवसाच्या नोंदीत नव्हता.

या वाफांचं गूढ अलीकडेच बरंचसं उलगडलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही चेतापेशी असतात, ज्यांवर एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूत या पेशी फुगलेल्या दिसतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ नेओमी रॅन्स यांनी १९९०च्या सुमारास दाखवलं. लगाम सुटला की या पेशी न्यूरोकायनिन बी नावाचं द्रव्य जोरात सोडतात, आणि शेजारीच शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. एरवी अंगाचं तापमान थोडं इकडे-तिकडे झालं तर ते केंद्र लक्ष देत नाही. आता त्याची सहनशीलता केसाएवढी उरते. पांघरुणाने अंग जरा तापलं तरी 'आग लागली' असा हुकूम सुटतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, हृदयाचे ठोके वाढतात, घाम फुटतो. काही मिनिटांत अंग गरजेपेक्षा जास्त थंड होतं आणि हुडहुडी भरते. तिला हे सांगितलं तेव्हा ती काही क्षण गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे हे मनाचं नाही." तिला तसं कुणीतरी सांगितलं असणार. मी विचारलं नाही.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेत अनेक वंशांच्या बायकांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या 'स्वान' अभ्यासात मध्यक आला ७.४ वर्षं. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या त्यांच्यात ११.८ वर्षांपेक्षा जास्त. ही त्याच गटातली. 'थोडे दिवस सोसा' हा सल्ला तिला देणं म्हणजे साठीपर्यंत सोसा असं सांगणं होतं.

सहा महिन्यांनी अस्तराचा दुसरा तुकडा तपासला. वाढ पूर्ण ओसरलेली. त्यानंतरच मी इस्ट्रोजेनचा विषय काढला. गोळी नाही, त्वचेवर लावायची जेल. प्रोजेस्टेरॉनची बाजू आतलं साधन सांभाळत होतंच.

"त्याने कॅन्सर होतो ना?"

हा प्रश्न येणारच असतो, आणि 'छे, काही नाही होत' हे त्याचं उत्तर नव्हे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी एका रात्रीत हार्मोन सोडले. त्या भागातला आकडा असा: वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाचा कॅन्सर हार्मोन न घेणाऱ्यांत ३०, घेणाऱ्यांत ३८. आठ जास्त. ते आठ खरे आहेत. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषधं घोड्यांच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं जुन्या पद्धतीचं कृत्रिम औषध, दोन्ही गोळीतून. गर्भाशय काढलेल्या ज्या बायकांना त्याच चाचणीत एकटं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि रक्त गोठण्याचा धोका वाढवतं. त्वचेतून नेहमीच्या मात्रेत दिलेलं तसं करताना दिसत नाही, आणि जास्त वजनाच्या बाईत हा फरक महत्त्वाचा. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचं पारडं जड असतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेली, कारण न कळलेलं ब्लीडिंग असलेली, गुठळीचा किंवा यकृताचा चालू आजार असलेली बाई असेल तर मी हात आखडता घेते. अशांसाठी इतर वाटा आहेत. काही नैराश्यविरोधी गोळ्या कमी मात्रेत, वर्तनोपचार, आणि न्यूरोकायनिनचा रस्ताच अडवणारं फेझोलिनेटंट, ज्याला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

तिने आकडे डायरीत उतरवून घेतले, मॅमोग्राफी करून आणली, ती नॉर्मल आली, आणि दोन आठवडे विचार करून हो म्हणाली. पाचव्या आठवड्यात रात्रीच्या नोंदी सहावरून एकीवर आल्या. झोप लागू लागली तशी चिडचिड आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं होणं, जे ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजून मनातल्या मनात घाबरत होती, तेही ओसरलं. या वयातलं विसरणं बहुतेकींचं तात्पुरतं असतं.

आता माझी चूक. नवव्या महिन्यात ती सहज बोलता बोलता म्हणाली की उन्हाळी लागल्याने तिने पुन्हा एकदा अँटिबायोटिकचा कोर्स केला. पुन्हा? गेल्या दीड वर्षातला चौथा. दोनदा लघवीचं कल्चर झालं होतं, दोन्ही वेळा जंतू निघाले नव्हते, तरी गोळ्या दिल्या गेल्या होत्या. आणि नवऱ्याजवळ जाणं तिने जवळजवळ वर्षभर टाळलं होतं, कारण दुखायचं. मी हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. ब्लीडिंग आणि धडधडीच्या गर्दीत विचारलं नाही, आणि हे आपणहून सांगणाऱ्या बायका थोड्या.

योनीमार्ग, मूत्रमार्गाचं तोंड आणि मूत्राशयाचा तळ, तिन्ही इस्ट्रोजेनवर पोसलेले. ते कमी झालं की त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथली आम्लता कमी होते, पहारा देणारे लॅक्टोबॅसिलस जंतू हटतात आणि जळजळ, वारंवार लघवी, कधी खरा जंतुसंसर्ग सुरू होतो. वाफा कधीतरी थांबतात. हे आपोआप थांबत नाही, वर्षांगणिक वाढतं. जेल चालू असूनही स्थानिक इस्ट्रोजेन क्रीम वेगळं लागू शकतं, तिला लागलं. रक्तात ते इतकं कमी जातं की त्यासाठी घाबरायचं कारण नव्हतं. त्यानंतर अँटिबायोटिकचा कोर्स झालेला नाही.

बाकीचं थोडक्यात. आईच्या खुब्यामुळे हाडांची घनता लवकर तपासली: मणक्यात टी-स्कोअर उणे १.६. ठिसूळपणाची रेषा उणे २.५ वर आहे, ती त्याच्या अलीकडे होती. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, म्हणून वजन उचलण्याचे व्यायाम आत्ताच सुरू केले. नुसत्या चालण्याने हाडांना पुरेसा ताण बसत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दीड वर्षात ११८ वरून १४९ झालं. "मी तर काहीच वेगळं खात नाही," ती वैतागून म्हणाली, आणि ते खरं होतं. पाळी जाण्याच्या आसपास एलडीएल असंच चढतं, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, आणि हृदयविकाराचं तोवर मिळालेलं अभय संपत जातं. साखर आणि रक्तदाब यांवर त्यासाठीच नजर ठेवली आहे. एचबीए१सी आता ५.८ आहे.

बाराव्या महिन्यातला अस्तराचा तुकडाही स्वच्छ आला. तोवर साधनामुळे ब्लीडिंग पूर्ण थांबलं होतं, आणि तिने डायरी उघडून मला विचारलं, "मग नक्की कधी गेली म्हणून लिहू?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. साधन आत असताना पाळी साधनाने थांबली की अंडाशयाने, हे ब्लीडिंगवरून सांगता येत नाही. एफएसएच करून बघण्यात अर्थ नव्हता, ते आपण एकदा पाहिलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की तारखेची गरज नाही, पण पुढे कधीही, एक थेंबही लाल दिसलं, तर 'जाता जाता असं होतं' असं म्हणून घरी बसायचं नाही.

चार महिन्यांनी ती सकाळी अपॉइंटमेंट न घेता आली. आदल्या रात्री एक डाग दिसला होता. सोनोग्राफीत अस्तर तीन मिलिमीटर, साधन जागेवर. तिचा इतिहास पाहून मी तरीही तुकडा घेतला. त्यात काही निघालं नाही.

"उगाच आले का मी?" रिपोर्ट घेताना तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि तिने डायरीत तारीख टाकली.